मोबाइलवरून ऑक्युपेशनल थेरपी: स्क्रीनसमोर बसायचं कोणी?

(बोरगाव मेघे, जि. वर्धा इथे पालक, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांसमोर एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

एक प्रश्न आधीच घेऊन टाकते, कारण तो मनात ठेवून तुम्ही बसलात तर पुढचं काही कानात जाणार नाही. "मॅडम, तुम्हीच सांगता पोराले मोबाइल देऊ नका. आता तुम्हीच म्हणता थेरपी मोबाइलवर घ्या. मग आम्ही करावं काय जी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की वर्षभराच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. आमची बरीच मुलं याच वयाची. त्यातली काही बोलत नाहीत, डोळ्याला डोळा देत नाहीत, पण मोबाइल मात्र तीन-तीन तास बघतात. अशा मुलाला मोबाइलसमोर बसवून मी पलीकडून "बाळा, इकडे बघ, टाळी वाजव" म्हणत राहिले, तर ती थेरपी नव्हे. तो आणखी एक व्हिडिओ झाला, आणि तोही कार्टूनपेक्षा कंटाळवाणा.

दूरस्थ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये स्क्रीनसमोर असते आई. किंवा बाबा, आजी, कधी मोठी बहीण. मूल असतं त्याच्या जागी, म्हणजे ताटासमोर, मोरीशी, अंगणात, दप्तराशेजारी. मी मोबाइलमधून त्या दोघांकडे बघते, आणि माझं बोलणं नव्वद टक्के मोठ्या माणसाशी असतं. आज मी जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीभोवतीच आहे.

आता नावाबद्दल. ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. शब्द कोशात शोभतो, पण घोटाळा करतो. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "पोरगा चार वर्षांचा आहे, त्याला आत्तापासून कोणता व्यवसाय शिकवणार?" इथे व्यवसाय म्हणजे धंदा नाही. माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत हात घालतो ते सगळं यात येतं. चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय काय? जेवणं, खेळणं, चड्डी वर ओढणं, अंगणवाडीत पंधरा मिनिटं बसणं, दुसऱ्या मुलाच्या हातातलं खेळणं न हिसकावता मागणं. हे ज्याला जमत नाही त्याला ते जमावं म्हणून आम्ही काम करतो. फिजिओथेरपिस्ट पायात ताकद आणतील, चाल सुधारतील. त्या पायांनी तो संडासापर्यंत जाऊन नीट बसतो का, परत येऊन हात धुतो का, ते आमच्याकडे. हद्दी एकमेकांत शिरतात, त्यावर आम्ही आपसांत भांडतोही, ते जाऊ द्या.

भारतात हे काम आणलं कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, लग्न होऊन १९३० मध्ये इकडे आल्या, पुढे अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा भारत त्याच्या दहा संस्थापक देशांपैकी एक होता. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. आणि वर्ध्याच्या माणसाला यातला मूळ विचार परका वाटू नये. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच, वर्ध्यात, नई तालीमची परिषद झाली. हातानं काम करता करता मूल शिकतं, हा तिथला मुद्दा. तो अपंग मुलांसाठी मांडलेला नव्हता, उगाच ओढूनताणून जोडत नाही. पण टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाचं लक्ष, बोटं, डोळा आणि धीर एकाच वेळी कामाला लागतात, हे ज्यांना तेव्हा कळलं त्यांना आमचं म्हणणं समजावून सांगावं लागलं नसतं.

न्यूरोडेव्हलपमेंटल डिसऑर्डर म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळातच ज्यांची सुरुवात होते अशा अडचणी. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, विचार न करता कृती करणं. बौद्धिक अक्षमता. वाचन-लेखन-गणितातली अध्ययन अक्षमता. हालचालींचा मेळ न बसणं. सेरेब्रल पाल्सीची मुलंही आमच्याकडे याच रांगेत असतात. एकाच मुलात दोन-तीन गोष्टी एकत्र असणं हे नेहमीचंच. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, घरात भांडणं होती का, यातून हे होत नाही. हे वाक्य मी प्रत्येक भाषणात म्हणते. ते ऐकून मान खाली घालून डोळे पुसणारी एक तरी आई समोर असतेच.

अशी मुलं किती? २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. देशातली पाच ठिकाणं, त्यांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता, आणि दोन ते नऊ वर्षांची जवळपास चार हजार मुलं. त्यांनी काढलेला अंदाज असा, की सहा वर्षांखालच्या मुलांत ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वयोगटात १३.६ टक्के मुलांना यातली किमान एक अडचण असते. त्यांनी ऐकण्याच्या आणि दिसण्याच्या अडचणी, फिटस् याही धरल्या होत्या, म्हणून आकडा मोठा दिसतो. तरी चाळीस मुलांच्या वर्गाचा हिशेब शिक्षकांनी मनात करून बघावा.

आता बोरगावचं. हे गाव वर्धा शहराला चिकटलेलं. एका अंगाला सावंगीचं मेडिकल कॉलेज, दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचं. नकाशा बघणारा म्हणेल, या लोकांना दूरस्थ उपचार कशाला हवेत? मलाही आधी कुणी असं विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. पण अंतर किलोमीटरनं मोजून भागत नाही. ज्या बाईला सकाळी नऊला कामावर जायचं आहे, कापसाच्या दिवसांत वेचणीला जायचं आहे, तिच्यासाठी अकरा वाजताची अपॉइंटमेंट म्हणजे दिवसाची मजुरी गेली. मूल ऑटोत बसायला तयार नाही, हॉर्न वाजला की कानावर हात ठेवून किंचाळतं. आजूबाजूचे बघतात. "काय झालं याले? धाक नाही वाटते आईचा." पोहोचेपर्यंत मूल थकलेलं, आई त्याहून थकलेली. मग माझ्यासमोर जे मूल येतं ते खरं मूल नसतंच. आणि हे शहराशेजारच्या माणसाचं झालं. आष्टी-कारंजाकडून येणाऱ्याचा किंवा दर आठवड्याला नागपूरला, पाऊणशे किलोमीटर, जाणाऱ्याचा विचार करा. दोन महिने येतात, मग महिन्यातून एकदा, मग पोळा येतो, पेरणी येते, आणि येणं थांबतं. फाइलवर आम्ही लिहितो 'फॉलोअपला आले नाहीत'. जणू त्यांचंच चुकलं.

बरं, रडतखडत दर आठवड्याला आले असं धरू. मला मिळतात पंचेचाळीस मिनिटं. मूल दिवसाला बारा तास जागं असतं म्हटलं तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास झाले. उरलेल्या त्र्याऐंशी तासांत ते दहा-पंधरा वेळा जेवायला बसतं, सात वेळा आंघोळ करतं, कपडे किमान चौदा वेळा बदलतं. शिकण्याच्या जागा तिथे आहेत. माझ्या खोलीतल्या झोक्यावर मुलगा छान बसायला लागला, याचा अर्थ तो घरी पाटावर बसून जेवेल असा होत नाही. मेंदू जे काम करतो तेच शिकतो, आणि जिथे करतो तिथे आधी शिकतो.

यावर एक अभ्यास मला फार आवडतो, २००९ चा, ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सेरेब्रल पाल्सी असलेली ३६ मुलं. थेरपिस्टनं आईवडिलांबरोबर बसून ध्येय ठरवलं, घरी काय करायचं ते शिकवलं आणि मधूनमधून आधार दिला. आठ आठवड्यांत, ज्यांना असा घरचा कार्यक्रम दिला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं पुढे गेली. आता ऐका, पालकांनी केलं किती? महिन्यातून साधारण सतरा-अठरा वेळा, एका वेळी सोळा-सतरा मिनिटं. रोजसुद्धा नाही! मी हा आकडा आयांना मुद्दाम सांगते, कारण 'दिवसभर थेरपी केली पाहिजे' या दडपणाखाली त्या काहीच करू शकत नाहीत.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन घरं मिसळून एक घर केलंय. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न, पाच-सहा शब्द बोलतो. घरात आईबाबा, आजी आणि धाकटी बहीण. पहिली भेट प्रत्यक्षच झाली, त्यावर नंतर बोलते. ध्येय काय, विचारलं. बाबा म्हणाले, "बोलला पाहिजे." आई म्हणाली, "शाळेत बसला पाहिजे." आजी दारातून म्हणाली, "सकाळी शर्ट घालून दिला की पोरगं लाथा मारते, आधी ते पाहा." मी आजीचं ध्येय घेतलं. कारण ते रोज घडतं, त्यात घराची सगळी सकाळ जाते आणि ते दिसतं. 'एकाग्रता वाढवणे' हे ध्येय कोणालाच दिसत नाही, म्हणून ते पूर्ण झालं की नाही तेही कोणाला कळत नाही.

पहिलं काम, दोन मिनिटांचा व्हिडिओ. शर्ट घालतानाचा, नटूनथटून नव्हे, जसा रोज असतो तसा. तो रात्री नेट बरं असताना पाठवायचा. लाइव्ह व्हिडिओ कॉलच हवा असा अनेकांचा समज असतो. आपल्याकडे संध्याकाळी रेंज जाते, चेहरा अडकतो, आवाज मागून येतो. आधी आलेला व्हिडिओ मी चार वेळा बघू शकते, थांबवून बघू शकते. मग साधा फोन केला तरी चालतो.

त्या व्हिडिओत काय दिसलं? आई मुलासमोर उभी राहून घाईघाईनं गळ्यापासून बटणं लावत होती. मुलगा छतावरच्या पंख्याकडे बघत होता. टीव्ही सुरू. शर्ट नवा, कडक खळीचा, मानेशी लेबल. मानेला लेबल लागलं की तो खांदा वर करायचा, आणि तिसऱ्या बटणाला लाथ. आजीला वाटत होतं पोरगं हट्टी आहे. लेबल काढलं, शर्ट दोनदा धुऊन मऊ केला, टीव्ही बंद. लाथा निम्म्यावर आल्या. माझ्या खोलीत हे मला कधीच दिसलं नसतं, कारण माझ्याकडे मूल येतं ते टी-शर्ट घालून.

मग बटण. आपण मोठी माणसं बटण 'लावतो', एका दमात. ते सुटं करून बघा. एका हातानं काजाची कड धरायची, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी बटण आडवं धरायचं, काजात अर्धं ढकलायचं, मग हातांनी कामं बदलायची, आणि पलीकडून ओढून घ्यायचं. दोन हात एकाच वेळी वेगवेगळी कामं करताहेत आणि मध्येच अदलाबदल करताहेत! ज्या मुलाला हालचालींचा मेळ बसवणं अवघड जातं त्याला हे डोंगर वाटलं तर नवल काय.

इथे आम्ही उलट साखळी वापरतो. शेवटची पायरी आधी शिकवायची. आईनं सगळं करायचं, बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवायचं, आणि फक्त शेवटचं ओढणं मुलानं करायचं. ओढलं की काम पूर्ण, शाबासकी. रोज काम पूर्ण केल्याचा अनुभव मुलाला मिळतो. सुरुवातीपासून शिकवलं तर काय होतं? पहिली पायरी मूल कसंबसं करतं, दुसरीला अडतं, आई उरलेलं करून टाकते आणि मुलाच्या लक्षात राहतं ते अपयश. ओढणं जमलं की ढकलणं द्यायचं, मग धरणं, असं मागे मागे यायचं.

त्यातही बारकावे आहेत. समोर उभं राहू नका, मागे बसा, मूल मांडीत किंवा पुढ्यात. तुमचे आणि त्याचे हात एकाच दिशेनं चालले पाहिजेत, समोरून सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. गळ्याचं बटण शेवटी, कारण ते मुलाला दिसतच नाही. पोटाजवळचं आधी. आणि सकाळी शिकवू नका. सकाळी शाळेची व्हॅन येते, तेव्हा आईनंच पटकन लावून द्यावं, काही बिघडत नाही. शिकायचं संध्याकाळी, कपडे बदलताना. आधी काढायला शिकवा, लावण्यापेक्षा काढणं सोपं. हे सांगताना मी मोबाइल कुठे ठेवायला सांगते? मुलाच्या छातीच्या उंचीवर, समोर, तांब्याला नाहीतर डब्याला टेकवून, स्क्रीन पलीकडे वळवून आणि मागचा कॅमेरा सुरू ठेवून. म्हणजे मुलाला माझा चेहरा दिसत नाही आणि मला त्याची बोटं दिसतात. आईच्या कानात इअरफोन. मी तिला म्हणते, "थांबा, आता पाच मोजा, हात लावू नका." हे 'थांबा' म्हणणं माझं सगळ्यात मोठं काम. आया फार लवकर मदत करतात. मायेपोटीच, पण लवकर करतात.

बोटांच्या ताकदीसाठी महागडी खेळणी लागत नाहीत. कणकेचा गोळा दाबणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, लसूण सोलणं, आणि वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलुखात तर वाती वळणं. त्या घरी आजी रोज वाती वळायचीच. तिच्यासोबत दहा मिनिटं नातू बसायला लागला. थेरपी म्हटलं की आजीला भीती वाटायची, वाती म्हटल्यावर ती माझ्याहून चांगली शिकवायला लागली. एक सावधगिरी: तोंडात किंवा नाकात वस्तू घालणाऱ्या मुलाला चणे, तुरीचे दाणे, मणी देऊ नका, कोणी पाखडणं-निवडणं सुचवलं तरी.

जेवणाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. मूल फक्त कोरा भात आणि बिस्किट खातं, अशी तक्रार घरोघरी. कॅमेऱ्यात बहुतेक वेळा दिसतं ते असं: मूल फिरतंय, मागे ताट घेऊन आजी, समोर मोबाइलवर गाणं, आणि तोंड उघडलं की घास. पोट भरतं, पण मूल जेवायला शिकत नाही. पाठ भिंतीला टेकवून बसवा, पुढ्यात पाट ठेवा, त्यावर ताट. पाठीला आधार मिळाला की हात मोकळे होतात. वरणाचा चमचाभर थेंब ताटाच्या कडेला, 'खा' म्हणायचं नाही. आठवडाभर तो तिथे नुसता असू दे. मग बोटानं शिवणं, वास घेणं, जिभेला लावणं. काही मुलांना ओलं आणि कोरडं एकत्र आलेलं अंगावर काटा आल्यासारखं लागतं, तो नखरा नसतो. जबरदस्तीनं कोंबलेला घास पुढचे सहा महिने मागे नेतो.

ही पद्धत चालते याला पुरावा आहे का? थेट आपल्या भागातला एक सांगते. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटानं मिळून स्वमग्न मुलांच्या पालकांबरोबर काम केलं. ६५ मुलं, सहा महिन्यांत बारा सत्रं. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते. आई मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो आईबरोबर बसून बघायचा: इथे त्यानं तुमच्याकडे बघितलं, तुम्ही थांबलात, छान झालं. २०१६ साली निष्कर्ष आले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलानं व्हायला लागला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं नाही. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट थोडा घटला, आणि हे त्यांनी लपवलं नाही. ते काम समोरासमोर झालं होतं, मोबाइलवरून नाही. पण त्यातला कणा तोच आहे: व्हिडिओ आरशासारखा वापरायचा, आणि बदल घडवायचा तो आईच्या हातून. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, केंद्रं बंद झाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना हे मोबाइलवरून करणं भाग पडलं. त्याआधीच, २०१४ मध्ये, जागतिक महासंघानं दूरस्थ सेवेला मान्यता देणारी भूमिका घेतली होती. तेव्हा आपल्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

आता जे मोबाइलवर होत नाही ते. हा भाग कृपा करून झोपेत ऐकू नका.

निदान फक्त मोबाइलवर करून घेऊ नका. पहिली तपासणी प्रत्यक्ष हवी, बालरोगतज्ज्ञ किंवा विकास तपासणाऱ्या डॉक्टरांकडे, कानांची तपासणी धरून. बोलत नाही म्हणून स्वमग्न ठरवलेलं मूल प्रत्यक्षात ऐकू न येणारं निघालं, असं होतं. मूल घास गिळताना ठसकतं, आवाज ओला येतो, वारंवार छाती भरते, तर जेवणाचे व्हिडिओ पाठवत बसू नका, आधी दवाखाना. येत असलेले शब्द गेले, चालणं गेलं, फिटस् आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. सेरेब्रल पाल्सीत स्नायू किती ताठ आहेत, खुब्याचा सांधा जागेवर आहे का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. स्प्लिंट मोबाइलवरून बनत नाही. म्हणून माझा आग्रह मिश्र पद्धतीचा: दोन-तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष, मधे मोबाइल.

व्हिडिओबद्दलही कडक नियम. आंघोळीचे, उघड्या अंगाचे, संडासातले व्हिडिओ कधीही पाठवायचे नाहीत, थेरपिस्टनं मागितले तरी नाही. त्यासाठी बाहुली घेऊन दाखवा किंवा तोंडी सांगा. मुलाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. काम झालं की दोन्हीकडून पुसायचा.

आणि विकणाऱ्यांपासून जपा. 'तीन महिन्यांत ऑटिझम बरा', 'ब्रेन जिम ॲप', वर्षभराचे पैसे आगाऊ. संवेदनांवर काम करण्याच्या पद्धतीला, जिला सेन्सरी इंटिग्रेशन म्हणतात, अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी आकार दिला. त्यातून आम्हाला मुलाकडे बघायची एक दृष्टी मिळाली, ती मी रोज वापरते. पण तिच्या परिणामांबद्दलचा पुरावा संमिश्र आहे. गोधडीत गुंडाळलं की मूल शांत होतं म्हणून कोणी गच्च बांधून ठेवायला सांगितलं, तर ऐकू नका. चेहरा कधी झाकायचा नाही, आणि मूल निसटू बघत असेल तर लगेच सोडायचं. तुमचा थेरपिस्ट नोंदणीकृत आहे का, हे विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक असतो.

एक गोष्ट मला जास्त बोचते. घरी करायचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक घरांत आईच्या डोक्यावर आणखी एक काम. स्वयंपाक तिचा, मजुरी तिची, मूल तिचं, आता थेरपीही तिची, आणि मूल सुधारलं नाही तर दोषही तिचा. हे मला मान्य नाही. म्हणून मी पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी देते, त्याही घरात आधीच घडणाऱ्या, आणि एकीवर बाबांचं नाव लिहिते. बाबा म्हणतात, "मला वेळ नाही." चालेल. रविवारची दाढी करताना मुलाला शेजारी बसवा, फेस त्याच्या हातावर द्या. मोबाइल बाबांच्या खिशात गेला की आईचं सत्र बुडतं, ही तर रोजचीच रड. सत्राची वेळ आधी बाबांशी ठरवायची, मग आईशी.

सरकारी वाटा थोडक्यात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीच्या ताईंना विनंती, तपासणीच्या दिवशी 'ते मूल' घरी ठेवायला सांगू नका, त्याच्यासाठीच ती तपासणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात येतात. प्रमाणपत्र काढा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची, आणि थेरपीचा खर्चही तिच्यात धरला आहे.

आता तुमचे प्रश्न.

(प्रश्न: माझा मुलगा मोबाइल दिसला की हिसकावतोच. मग कॅमेरा लावायचा कसा?)

मोबाइल दिसणार नाही असा ठेवायचा. खिडकीत, फळीवर, पिशवीला भोक पाडून त्यातून, असंही केलंय लोकांनी. नाहीच जमलं तर व्हिडिओ नको. तुम्ही मला फोनवर सांगा, मी विचारत जाते: हात कुठे होता, नजर कुठे होती, मग काय झालं. दोन आठवड्यांत तुम्ही इतकं बारीक बघायला लागता की कॅमेऱ्याची गरज कमी होते.

(प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. मला संशय आला तर आईला सांगू कसं? ती चिडते.)

निदानाचं नाव घेऊ नका, ते तुमचं काम नाही आणि माझंही एकटीचं नाही. जे दिसलं तेवढं सांगा. "हाक मारली की वळत नाही, दोनदा बघितलं. कान तपासून घेऊ या का?" कानाच्या तपासणीला आया सहसा नाही म्हणत नाहीत. आणि शक्य असेल तर सोबत जा.

(प्रश्न: किती दिवस करावं लागेल?)

कोणत्या कामासाठी, त्यावर आहे. त्या मुलाला पहिलं बटण ओढायला तीन आठवडे लागले, आणि आखा शर्ट स्वतः लावायला जवळपास पाच महिने. गळ्याचं बटण अजून आजीच लावते. बोलणं अजून वीस-पंचवीस शब्दांवरच आहे, त्यासाठी वाचा-उपचार वेगळे सुरू आहेत. तुम्ही घरून एक काम ठरवून आणा, मग त्या कामापुरता अंदाज मी सांगू शकेन. तुमचं काय आहे? आंघोळ? बरं. पाणी डोक्यावर घेताना रडतो की साबण लावताना? नाही, आठवून सांगू नका. उद्या बघा, बादलीजवळ नक्की कोणत्या क्षणी सुरू होतं ते. मग मला फोन करा.